एफ कॉर्ड आणि डॉक्टरांची मिशी

"ह्या गिटारीवर रविवारपर्यंत एफ कॉर्ड स्वच्छ वाजली, तर आपण मिशी काढू. भर पार्किंगमध्ये!"

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर असं बोलले आणि जिन्यातले सगळे गार पडले. मिशी साधीसुधी नव्हती. मास्क लावला तरी दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावायची. डॉक्टरांचा वरचा ओठ त्यांच्या बायकोनेही कधी पाहिला नव्हता.

"आणि नाही वाजली, तर मी गिटार विकतो," पहिल्या मजल्यावरचे हिशेबनीस म्हणाले. नवीकोरी गिटार त्यांनी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती. सगळा जन्म आकडेमोडीत गेलेला, हा एकच शौक.

एफला पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. हिशेबनिसांचं बोट कॅल्क्युलेटरवर पोसलेलं. दोन तारा ठप्प, दोन किर्र, उरलेल्या रुसलेल्या. आणि सरावाची जागा कुठली? बरोबर डॉक्टरांच्या दवाखान्याच्या डोक्यावर!

"ठप्प... किर्रर्र... आई गं!"

खुर्चीतल्या बाईंनी वासलेला आ मिटला. "डॉक्टर, वर कोणाचा काढताय?"

"कोणाचा नाही हो. गिटार आहे ती."

"गिटार 'आई गं' म्हणते?"

बाई पर्स उचलून गेल्या. जाताना बाहेर बसलेल्या दोघांनाही घेऊन गेल्या. मग दवाखान्यात माशी फिरकेना. रिकामे बसून डॉक्टर मोबाइलवर गिटारचे धडे बघू लागले, आणि शेवटी तणतणत वर गेले.

"बोट सपाट काय टाकता? जरा कडेवर वळवा. धातूच्या पट्टीला खेटून दाबा. अंगठा मागे, मधोमध. कोपर पोटाशी!"

"पण डॉक्टर, तुम्ही तर माझ्या विरुद्ध ना?"

"विरुद्धच आहे! पण मला दुकान चालवायचंय."

रविवारी संध्याकाळी पार्किंग भरलं. हिशेबनिसांनी बोट टाकलं. ठप्प. पुन्हा टाकलं. किर्र. त्यांची बायको चपलेकडे बघू लागली. हिशेबनिसांनी गिटारीची पिशवी उघडली.

खरं तर डॉक्टरांनी आता मिशीला पीळ द्यायचा. पण त्यांना ते बघवेना.

"अहो, विकताय काय! एवढं डोकं फोडलं तुमच्यापुढे! आणा इकडे. कडेवर... असं... आणि हे असं!"

जन्मभर अक्कलदाढा उपटलेला हात तो. सहाच्या सहा तारा घंटेसारख्या खणखणल्या.

"बघा! आहे काय त्यात?" डॉक्टर खुशीत सगळ्यांकडे वळले. कोणी टाळी वाजवेना.

"भावोजी," हिशेबनिसांची बायको हळूच म्हणाली, "वाजली की हो."

"वाजणारच! मी..." डॉक्टरांचा हात आपोआप मिशीकडे गेला. "अहो, पण ती मी वाजवली!"

"कोणी वाजवायची, हे कुठे ठरलं होतं?" हिशेबनिसांनी शांतपणे हिशेब मिटवला.

कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा घेऊन तयारच होता. डॉक्टर खुर्चीत बसले, अर्धी मिशी उतरली. त्यांची बायको वाकून बघत म्हणाली, "अगंबाई, एवढा गोड ओठ लपवून ठेवला होतात?"

शेजारी हिशेबनिसांनी आनंदाच्या भरात पुन्हा बोट टाकलं. ठप्प!

"कोपर!" डॉक्टर साबणातून ओरडले, "कोपर पोटाशी घ्या म्हटलं ना!"