सदानंदाचं पासिंग

मोहरगावच्या वाहन तपासणी केंद्रात दिलेली तारीख लांबली, की गाडीऐवजी तिच्या मालकाचं पासिंग मोफत करून मिळायचं, आणि असं पासिंग झालेली बरीच माणसं गावात राजरोस धावत होती. हायस्कूलचे मुख्याध्यापक त्यांतलेच. त्यांचं पासिंग मालवाहू वर्गात झालं होतं, त्यामुळे ते आता रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचे आणि शाळेचं सामान आपणहून पाठीवर घ्यायचे. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

नियम साधा होता आणि केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. केंद्राने तारीख पुढे ढकलली, तर ज्याला तिष्ठत राहावं लागलं त्याची तपासणी मोफत. आता तिष्ठत कोण राहिलं, हे विचारल्यावर माणूस स्वतःचंच नाव सांगतो. गाडी काही बोलत नाही. त्यामुळे मोफत तपासणी आजवर माणसांच्याच वाट्याला आली होती. पण गाडी तिष्ठली असं कुणी शाबीत केलं, तर तिचंही पासिंग व्हायला नियमाची आडकाठी नव्हती. रिक्षावाला सदानंद लोणारी त्याच आशेवर होता.

त्याला पासिंगची निकड होती. त्याच्या बायकोच्या, शेवंताच्या भावाने ढोलेवाडीत घर बांधलं होतं आणि रविवारी वास्तुशांत होती. शेवंता आजवर माहेरी एसटीने जायची, कारण सणासुदीला सदानंदाला भाडी सोडवत नसत. मागच्या दिवाळीत तिच्या वहिनीने चारचौघींत हसून विचारलं होतं, की रिक्षावाल्याची बायको आणि एसटीच्या पाट्या वाचत उभी राहते, हे कसं काय. शेवंताने घरी येऊन ही गोष्ट भाकरी थापता थापता एकदाच सांगितली. पुन्हा तो विषय काढला नाही, आणि सदानंदाला तेच फार लागलं. या खेपेला तुला वहिनीच्या दारात नेऊन उतरवतो, असा शब्द त्याने दिला होता. पण रिक्षाचं पासिंग संपलेलं होतं आणि ढोलेवाडीच्या फाट्यावर पोलीस कागद बघितल्याशिवाय कुणाला सोडत नसत.

तारीख आधी ब्रेक तपासायचं मशीन बिघडलं म्हणून लांबली, मग साहेबलोक निवडणुकीच्या कामाला गेले म्हणून लांबली, आणि मग अशा दिवसावर जाऊन पडली की तो दिवस सुट्टीचा निघाला. चौथ्या खेपेला सदानंद रिक्षा घेऊन गेला तो मोफत तपासणीचा हक्क सांगायलाच. सोबत शेवंताही होती. नवरा ऐन वेळी काय बोलून बसेल याचा भरवसा नसल्याने ती आली होती.

केंद्राच्या तपासनीस हिरेमठ मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी सदानंदाला बसायला खुर्ची दिली आणि रिक्षा नक्की कशी तिष्ठली ते सविस्तर सांगायला सांगितलं. सदानंदाने सुरुवात चांगली केली. रिक्षा उन्हात उभी होती, तिचं हूड तापलं होतं, पुढचं चाक बसलं होतं, असं त्याने नीट सांगितलं. मॅडम मान डोलवत होत्या. शेवंतालाही वाटलं, जमलं.

मग मॅडमनी आपुलकीने विचारलं, "बराच त्रास झाला म्हणायचा?"

एवढी मायेची चौकशी सदानंदाची बऱ्याच वर्षांत कुणी केली नव्हती. त्याला भरून आलं.

"काय सांगू मॅडम," तो म्हणाला. "गाडीला काय हो, ती कुठंबी उभी ऱ्हाती. जीव गेला त्यो माझा."

शेवंताने कपाळावर हात मारला. मॅडमनी ते वाक्य लिहून घेतलं, त्याखाली सही केली आणि मोफत तपासणी सदानंद लोणारी यांना मंजूर झाल्याचं सांगितलं. सदानंदाने शब्द मागे घ्यायची खटपट करून पाहिली. मॅडमचं म्हणणं असं, की त्रास एकदा कबूल केला की तो गाडीच्या नावावर चढवता येत नाही. रिक्षाला नवी तारीख मिळेल, ती अर्थात रविवारनंतरची.

सदानंदाला रॅम्पवर घेतलं. डोळे तपासले, दोन्ही समान लागत होते. उजवीकडे वळताना तो हात दाखवायचा, डावीकडे वळताना नुसताच वळायचा. तेवढं तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं. धुराच्या तपासणीत थोडं कमीजास्त निघालं, तेव्हा शेवंताने त्याच्या खिशातलं बिडीचं बंडल काढून कचऱ्यात टाकलं आणि दुसऱ्यांदा मोजल्यावर ते मापात बसलं. ब्रेकसाठी त्याला अंगणात पळवून मध्येच थांबा म्हटलं. पायाने तो जागच्या जागी थांबला, तोंडाने मात्र बोलत बराच पुढे गेला. मॅडमनी पायाचं धरलं.

घोडं अडलं ते हॉर्नवर.

मॅडमनी शेवंताला फाटकापाशी पाठमोरी उभी केली आणि सदानंदाला सांगितलं, की हिला बाजूला करा. सदानंदाने रोजच्यासारखी हाक मारली, "अगं ए." त्याबरोबर फाटकापाशी उभ्या असलेल्या सगळ्या बायका वळल्या आणि एक टेम्पोवाला उगाचच बाजूला झाला. हॉर्न नापास झाला. ज्याला सरकायचंय त्यालाच कळलं पाहिजे, बाकीच्या रहदारीला उपद्रव होता कामा नये, असं मॅडमनी समजावलं. म्हणजे नाव घ्यावं लागणार होतं.

सदानंदाने बायकोचं नाव लग्नात, सगळ्यांनी दार अडवून धरल्यावर, उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर कामच पडलं नाही. 'अगं' म्हटलं की ती यायची. आता भर दुपारी, चारचौघांत, नुसतं नाव कसं घ्यायचं या विचाराने तो पार लाजून गेला. उखाणा घेतला तर चालेल का, असं त्याने हळूच विचारलं. एवढा लांब हॉर्न चालत नाही, असं मॅडम म्हणाल्या.

"शेवंता," तो म्हणाला. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"शेवंता," तो पुन्हा म्हणाला. या वेळी फाटकापाशी कुणीच हललं नाही. शेवंताने पदर सारखा केला, त्यावरून तिला ऐकू गेलं असावं असं त्याला वाटलं.

तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून घेतले आणि पोट घट्ट धरून हाक मारली. "शेवंता!"

शेवंता वळली. बाकी कुणी वळलं नाही. ती बाजूला व्हायची, तर उलट थेट त्याच्याजवळ चालत आली. तिचा खुललेला चेहरा बघून सदानंदाला वाईट वाटलं. एवढ्या स्वस्तातली गोष्ट आपण इतकी वर्षं हिला दिली नाही, असं त्याच्या मनात आलं. मॅडमनी हॉर्न पास केला, पिवळी नंबरपाटी त्याच्या छातीवर बांधली आणि प्रवासी वर्गाचा कागद हातात दिला.

रविवारी सकाळी रिक्षा दारात झाकून ठेवून दोघं निघाले. शेवंता ठेवणीतली पैठणी नेसली आणि नवऱ्याच्या पाठीवर नीट मांडी मोडून बसली. सदानंद सपाटीला चांगला चालला. ढोलेवाडीच्या चढावर मात्र तो धापा टाकायला लागला, तेव्हा ती उतरली आणि मागून लोटायला लागली. चढावर रिक्षालाही लोटावं लागतंच. फाट्यावर पोलिसाने हात केला, कागद उलटसुलट करून बघितला, डावीकडे वळून दाखवायला सांगितलं आणि जाऊ दिलं.

भावाच्या दारात मांडव होता आणि पाव्हणे उतरत होते. सदानंद सगळ्यांच्या देखत बरोबर उंबऱ्यासमोर उभा राहिला. शेवंता उतरली. उतार होता म्हणून तिने त्याच्या टाचेमागे एक दगड लावला आणि मग निऱ्या सारख्या केल्या. वहिनी आरतीचं ताट घेऊन बाहेर आली होती, ती बघतच राहिली. तिच्या नवऱ्याची नवी कोरी मोटार मांडवाच्या बाजूला उभी होती. मोटारीचं सगळं वेळच्या वेळी झालं होतं, त्यामुळे तिच्या मालकाला कधी कुणी तपासलं नव्हतं.

वहिनीने पाटी वाचली. पाटीखाली सदानंद घामाने निथळत होता, तरी हसत होता. तिने ताट खाली ठेवलं. तिचा आवाज एकदम मवाळ झाला.

"वन्सं," ती म्हणाली, "संध्याकाळी देवीला जायचंय. दाजींच्या पाठीवर एक फेरी मला मिळंल का?"

सदानंद हो म्हणणारच होता. पाव्हण्यांना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

"नाही वो वहिनी," शेवंता म्हणाली. "ह्यांचं पासिंग एकाच सवारीचं हाय."

कागद सदानंदाच्याच खिशात होता. त्यावर तीन प्रवासी असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याने खिशावर हात ठेवला आणि दगडाला टाच टेकवून उभा राहिला.