काटा खोटं बोलत नाही

"काटा खोटं बोलत नाही!" हे नर्सबाईंचं ब्रीदवाक्य. दवाखान्यात कुणाचंही लेकरू आलं की त्या आधी त्याला वजनकाट्यावर उभं करत आणि मग त्याच्या आईला फैलावर घेत. "खायला घालता की नुसत्या पाप्या घेता?" उपाय ठरलेला असे. दुधात तीन चमचे साखर आणि वर बिस्किटांचा पुडा. "काहीही खाऊ दे, वजन वाढल्याशी मतलब!"

आणि त्यांच्याच लेकीचं, सहा वर्षांच्या चिमणीचं वजन महिन्यात अर्धा किलो उतरलं! घ्या, दिव्याखाली अंधार. बाईंनी धसकाच घेतला. साखर चार चमचे झाली, मग पाच. झोपताना आणखी एक पेला. पोर जेवायला बसली की घास गालात धरून ठेवायची.

"अगं, तिला चावताना दुखतंय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मला शिकवू नका. रोज पन्नास पोरं तोलते मी. नखरे आहेत हे!" म्हणत बाईंनी पोरीला एक धपाटा घातला. पुढच्या महिन्यात आणखी अर्धा किलो गेला.

शेवटी गाल टम्म सुजला, तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे धाव घेतली.

"पाच दाढा किडल्यात," डॉक्टर म्हणाले. "कळ येते म्हणून ही खात नाही, खात नाही म्हणून वजन उतरतं. आणि तुम्ही वर साखर चारताय? हा शहाणपणा शिकवला कुणी?"

चिमणी गाल धरून म्हणाली, "आईच सगळ्यांना शिकवते."

तो धपाटा आठवून बाई घरी येईपर्यंत रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी रांगेतला पहिलाच मुलगा काडीसारखा होता. बाईंनी त्याला काट्यावर घेतलंच नाही.

"आ कर, बाळा."

आत काळे खुंट. "साखर बंद करा हो. चुकलं माझं. याचे दात..."

"दात कसले बघताय?" त्याची आई उखडली. "दोन वर्षं तुमची बोलणी खाल्ली. वजन बघा वजन!" तिने स्वतःच पोराला काट्यावर चढवलं. पाव किलो कमी.

"बघा! आणि म्हणे साखर बंद करा! आजपासून पाच चमचे घालते. काटा काही खोटं बोलत नाही!"

रांगेतल्या सगळ्या आयांनी माना डोलावल्या.