पहिली झोप कारागिराची

आमच्या गल्लीतला भिका नाना गावात कोणाच्या घरी झोपला नाही ते सांगा. पाटलाकडे झोपला, वाण्याकडे झोपला, मास्तरांकडे तर तीनदा. नाना खाटा विणायचा. अंबाडीची दोरी अशी ओढायचा की विणीवर चिंचोका टाकला तर टण्णकन उडावा. पण विणून मुकाट घरी जाईल तर तो नाना कसला? पहिल्या रात्री नव्या खाटेवर तो स्वतः झोपणार, सकाळी पायथ्याची दोरी आवळणार, मग मालकाने अंग टेकायचं. कोणी कुरकुरलं की म्हणायचा, "पहिली झोप कारागिरनी! नवी खाट रातभर बसस, ढिली पडस. तिले मन्ही पाठ वळखस."

बोदवडला एका मारवाडी जैन शेठजींकडे गेला. त्यांच्यात सूर्य बुडायच्या आत जेवणं आटोपतात. नाना विणत बसला दिवेलागणीपर्यंत. हात धुऊन आला तर चूल थंड. उपाशीच झोपला. सकाळी शेठजींना म्हणाला, "उपाशी माणूसखाले खाट सैल ऱ्हास. आज परत झोपनं पडी." त्या दिवशी शेठाणीने ऊन असतानाच शिरा वाढला, तेव्हा कुठे खाट घट्ट झाली.

आता किल्ल्याचं सांगतो. नानाची बायको रुखमा तळ्याकाठच्या किल्ल्याच्या गावची. तीन बाजूंनी पाणी, काळे बुरूज, आणि वरच्या दालनाची एक खिडकी थेट तळ्यावर. रुखमा पोरपणी त्या खिडकीखाली घागर भरायची. वर कोणी जाऊ देत नसे. नवराबायकोचं वाजलं की ती म्हणायची, "दोरीवालाना घर पडनू मी. नहीतं त्या खिडकीमा राणीनी गत झोपती!" नाना म्हणायचा, "एक रात तुले तठे झोपाडसू." रुखमा तापाने गेली. बोललेलं राहून गेलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. तळं बघायला धुळ्याहून गोरा साहेब येणार, किल्ल्यात मुक्काम करणार, त्याच्यासाठी दोन माणसं मावतील अशी रुंद खाट विणायची, असा निरोप आला. नाना एकाच पायात वहाण घालून माझ्या दारात. "भाऊ, गाडी जुंप! किल्लामा खाट शे!" अर्धी गल्ली गोळा झाली. माझी बायको गंगा हिने तर तीन दिवसांच्या भाकरी बांधल्या.

मी म्हणालो, "एका रात्रीला एवढ्या?"

"किल्ल्यात भूक मोठी लागते," ती म्हणाली. जशी काय कधी जाऊन आली होती!

दिवसभर मी दोरी ताणली, नानाने विणली. हात असे चालत होते की जणू त्याचंच लगीन आहे. खाट वरच्या दालनात नेऊन लावली त्या खिडकीला. ऊन कललं तसा पहारेकरी वर आला. "झालं ना? उतरा खाली."

"मी आठेच झोपसू," नाना म्हणाला.

"साहेबाच्या खाटेवर? तू?"

"बरं. मग साहेबले झोपाड. रातमा खाट बसनी अन् साहेब भुईले टेकना, तं नाव कोणं सांगशी?"

पहारेकरी विचारात पडला. "हवं तर मीच झोपतो."

नानाने त्याच्या पोटाकडे पाहिलं. "तू झोपना तं खाट बसाव नहीं. मरी जाई!"

मला हसू फुटलं. तोही हसला, पण हो म्हणेना. तेव्हा नानाने हात जोडले. पाटलापुढेही कधी जोडले नव्हते. पहारेकऱ्याने तोंड वळवलं आणि म्हणाला, "उजाडलं की खाली दिसला पाहिजेस."

मी दरवाजातल्या ओट्यावर आडवा झालो. तांबडं फुटलं तसा त्याला उठवायला वर पळालो. खिडकीतून सगळं तळं लाल, पाणकोंबड्यांचा कलकलाट. असं कधी बघितलं नव्हतं मी. आणि एवढी राजाची खाट, नाना तिच्या अलीकडच्या काठावर अंग चोरून, खांदा अर्धा बाहेर. खिडकीकडची बाजू मोकळी. तिच्यावर त्याचं धुतलेलं उपरणं नीट पसरलेलं.

"अरे नाना, पडशील! मधी झोपायला काय झालं होतं?"

तो उठला, डोळे पुसले. "तिले खिडकी लागस ना, भाऊ."

मग पायथ्याची दोरी आवळली. "बसनी खाट," म्हणाला, आणि जिना उतरला.

घरी येऊन मी हे गंगाला हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "रुखमा होती तोवर नाना कोणाकडे झोपला का कधी? दिवे लागायच्या आत घरी असायचा." मला पटलं नाही. बायका काहीही बोलतात, असं वाटलं.

आता नानाही नाही. गंगा जाऊन चार महिने झाले. आमची खाट नानानेच विणलेली, अजून ताठ आहे. मी भिंतीकडच्या काठाला झोपतो. दाराकडची बाजू तिची. पहाटे उठून तिला भाकरी टाकायच्या असतात.