वैमानिकांची मनगटे आणि केशरी काटा

श्री गगनेश्वर समर्थ. वारा पाठीशी असो, नजर समोर असो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी राज्याच्या विमानतळावर जे होते त्याची गणती येणेप्रमाणे: विमाने सतरा, पैकी उडती अकरा, वैमानिक तेवीस, पैकी बायका चार, मनगटे शेहेचाळीस, मनगटांवर घड्याळे चोवीस, कारण गुंडोपंत केळशीकर हे सर्वांत जुने वैमानिक दोन्ही हातांस एकेक बांधीत आणि दोहोंवरही विश्वास ठेवीत नसत. चोवीसांपैकी एकमेकांशी जुळणारी दोन, आणि ती दोन्ही बंद पडलेली.

ही गणती वेणूबाई दुधगावकर यांनी केली. बाई वैमानिकांत वयाने सर्वांत धाकट्या, पदार्थविज्ञान शिकून आलेल्या, मोजल्याशिवाय चहात साखरही न घालणाऱ्या. त्यांनी कागद श्रीमंतांपुढे ठेविला आणि श्रीमंतांनी तो दोन वेळा वाचिला आणि आज्ञा केली की, सर्व वैमानिकांस एकसारखे घड्याळ द्यावे, ते कामास यावे आणि हातासही शोभावे. मग ते काम शामजीपंत दिवाणांकडे गेले.

आता त्या राज्याची चाल अशी होती की, सरकारात घ्यावयाची वस्तू भर दरबारी मखमलीच्या गादीवर मांडावी आणि सर्वांनी अकरा पावलांवरून पाहावी आणि पसंत पडेपर्यंत कोणी हात लावू नये. हात लावणे म्हणजे संशय आणि संशय म्हणजे दिवाणांचा अपमान. याच चालीने मागे शिपायांस जोडे घेतले होते, ते सगळे डाव्या पायाचे निघाले, आणि चालीस बोल लागू नये म्हणून शिपाई दोन वर्षे तसेच कवाईत करीत होते.

त्याच गादीवर दिवाणांनी घड्याळ मांडिले. सोन्याचे, तबकडी शिंपल्याची, आकड्यांच्या जागी बारा माणके, काटे दोन. दरबाराने वाहवा केली. गुंडोपंत वेणूबाईंच्या कानाशी लागले, "बांधा हो निमूटपणे. वर गेलो की काढून खिशात टाकू. मी तर तेच करणार."

"खिशात टाकायचं ते मनगटावर कशाला मिरवायचं, काका?" असे बोलून बाई अकरा पावले चालून गेल्या आणि उडताना घालावयाच्या जाड हातमोज्यानिशी त्यांनी घड्याळ उचलिले. दरबारात एकच कुजबुज झाली. बाईंनी किल्ली फिरवू पाहिली, ती मोज्याच्या चिमटीत येईना.

"दिवाणसाहेब, सेकंदकाटा कुठं आहे?"

"सेकंदकाटा हुजऱ्यांना लागतो, बाई. दरबारी काटा चालतो. धावणं त्याला शोभत नाही."

"माझं विमान एका सेकंदात एकशे तीस हात जातं. त्याला कोण सांगणार, जरा चालत जा म्हणून?"

आणि मग बाईंनी आपली बाही पुढे केली. बाहीवरून बांधलेले घड्याळ सर्वांनी पाहिले. ते विमानतळाच्या फाटकाबाहेर दुकान मांडून बसणारे हसनभाई घड्याळजी यांनी बाईंच्या मापाने सात महिने खपून केले होते, तीन मोडून चौथे साधले होते. पोलाद, पण चकाकी घासून काढलेली, तबकडी काळी, आकडे पांढरे, अंधारात उजळणारे, किल्ली बोराएवढी, काचेभोवती फिरते कडे, त्यावर एक खूण, आणि दोन पांढऱ्या काट्यांवरून धावणारा बारीक केशरी सेकंदकाटा.

दिवाण हसले, "हे घड्याळ, की तव्याचं पिल्लू?"

"तव्यात तोंड दिसत नाही, म्हणूनच ऊन डोळ्यांवर उडत नाही. काळ्यावर एक केशरी रेघ, आणि तीही कामाची. याहून देखणं काय असतं ते तुम्ही सांगा."

मग दिवाण कोपास आले आणि म्हणाले की, बाईंनी चाल मोडिली, उडण्याचा परवाना जमा करावा आणि कोठीवर पोती मोजीत बसावे. श्रीमंतांनी हात वर केला आणि परीक्षा ठरविली ती अशी: उडविणाऱ्याच्या बैठकीभोवती जाड पडदे, होकायंत्र झाकलेले, वळण दाखविणारे यंत्र तेवढे उघडे. विमानतळावरच्या निशाणावरून निघावे, चार मिनिटे सरळ, एका मिनिटात अर्धे वळण, पुन्हा चार मिनिटे सरळ, पुन्हा एका मिनिटात अर्धे वळण, आणि चुन्याची पिशवी खाली सोडावी. शेजारी बिनपडद्याचा दुसरा वैमानिक, त्याने जिवावर बेतल्याखेरीज बोलू नये. बाईंची पिशवी निशाणापासून पाचशे हातांबाहेर पडली तर परवाना जमा, आणि तेवीसही जणांनी माणके बांधावी.

"मान्य," बाई म्हणाल्या, "पण दिवाणसाहेबांचं घड्याळही उडू दे."

मग गुंडोपंतांची दोन्ही घड्याळे उतरविली आणि सोन्याचे बांधिले. दुसरे दिवशी सकाळी वारा पडलेला असता ते आधी गेले, आणि पडद्यांच्या अंधारात माणके आणि काटे सारखेच काळे झाले, आणि काका वळणाचे सेकंद तोंडाने मोजू लागले, आणि मध्येच खोकला आला. त्यांची पिशवी पडताना विमानतळावरून कोणी पाहिली नाही.

मागून वेणूबाई गेल्या. कड्याची खूण काट्यावर आणिली आणि निघाल्या. पहिले वळण नेमके साधले. दुसऱ्या वळणात मात्र बाईंच्या कानांनी, पाठीने, सगळ्या अंगाने सांगितले की विमान सरळ झाले, आता सोड. केशरी काट्याने सांगितले, आणखी अकरा सेकंद. कोठी, पोती, सगळे डोळ्यांपुढे आले. आणि त्या स्वतःच्या अंगाला उद्देशून मोठ्याने बोलल्या, "तू गप्प बस," आणि अकरा सेकंद वळण धरून ठेविले आणि मग पिशवी सोडिली.

बाई खाली उतरल्या तो दिवाण गादी घेऊन उभे होते. म्हणाले, "मोजणी होईतो तुमचं घड्याळ इथं ठेवा. चाल आहे."

"नाही ठेवणार," बाई म्हणाल्या. "ज्याला पाहायचंय त्यानं मनगटाला बांधून पाहावं." आणि पट्टा सोडून त्यांनी घड्याळ श्रीमंतांपुढे धरिले, आणि श्रीमंतांनी ते बांधिले, आणि मोजणीदारांस साखळी टाकण्याची आज्ञा केली.

सारांश, मोजणी येणेप्रमाणे. वेणूबाईंची पिशवी निशाणाच्या ईशान्येस एकशे अठ्ठ्याऐंशी हात. गुंडोपंतांची नैऋत्येस सव्वादोन कोस, एका उसाच्या फडात. पुढील मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस विमानतळावर वैमानिक तेवीस, मनगटे शेहेचाळीस, घड्याळे चोवीस, गुंडोपंतांची दोन धरून, एकमेकांशी जुळणारी चोवीस, सर्वांत मोठा फरक दोन सेकंद.