तात्यांचे डोळे आणि माझं विज्ञान

बोरी बुद्रुकात चष्मा लावून तात्यांसमोर जायची सोय नव्हती. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. समोरच्याच्या नाकावरचा चष्मा ते सरळ काढून घेत, स्वतः लावून बघत आणि परत देताना म्हणत, "गरगरलं राव! कसं जगता तुमी?" एका तलाठ्याचाही त्यांनी असाच काढला होता. ऐंशीव्या वर्षी ते सुईत दोरा ओवत, तोही मुद्दाम माझ्यासमोर.

कारण आमच्या घराण्यात काचबिंदू. आजोबांची नजर गेली, आत्याची गेली, माझ्या वडिलांची गेली. मलाही रोज थेंब घालावे लागत. एकटे तात्या सुटलेले.

गावात मोबाइल नुकते दिसू लागले होते, तेव्हा पुण्याहून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि आम्हा सगळ्यांचं रक्त घेऊन गेल्या. काही महिन्यांनी त्यांनी सांगितलं, तात्यांच्या जनुकात एक दुर्मीळ बदल आहे. तोच बहुधा डोळ्यातला दाब वाढू देत नाही.

"म्हंजे आमचं रगतच पेशल!" तात्या खूश.

"बाकीच्यांचे रिपोर्ट यायचेत," बाई म्हणाल्या. पण मी पडलो हायस्कुलातला विज्ञानाचा मास्तर. फळ्यावर वाटाण्याची झाडं काढून मुलांना आनुवंशिकता शिकवणारा. चुलत्यात आहे ते पुतण्यात असणारच, असा शोध मी रिपोर्टाआधीच लावला आणि थेंब बंद केले.

चार महिन्यांनी वर्गातून रुबाबात बाहेर पडताना दाराची चौकट मला दिसलीच नाही. कपाळाला टेंगूळ आलं. मुलं हसली, मीही हसलो. पुण्यात तपासलं तर दाब चढलेला, नजरेची डावी कड कायमची गेलेली. माझा रिपोर्टही आला होता. तो बदल माझ्यात नव्हता.

तात्या फाडून खातील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दारात. "बाटली आण. वर बघ, मास्तर."

मग रोज दोन वेळा येऊ लागले. एकदा मी म्हणालो, "तात्या, मला घालता येतात की."

"ठावं हाय." बाटलीचं झाकण फिरवत ते थांबले. "बारा वर्सं तुझ्या बापाचा हात धरून चाललो. तू मास्तर झालास तवा मला विचारायचा, पोरगं शर्टप्यांटीत कसं दिसतंय रं? मी सांगायचो. लई जीव जायचा सांगताना. आता तुला कायबी सांगत बसायची पाळी आणू नको माझ्यावर."

मी मान वर केली. थेंब गालावर पडला. तात्यांचा नेम पहिल्यांदाच चुकला होता.