बापूंची चष्म्याची डबी

चष्म्याच्या डबीत चष्मा न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. बापूंचा चष्मा दोऱ्याने गळ्यात लोंबतो. डबीत, कापसात गुंडाळून, खडूच्या तुकड्याएवढा पांढरा रेझिस्टर असतो, करंटला अडवणारा. पॉइंट एक ओहमचा, म्हणजे अगदी नावापुरता अडवणारा.

अंबडला फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये टेस्टिंगच्या टेबलावर आम्ही दोघं. द्राक्षवाले बॅटरीवरचे पंप घेऊन येतात. मोटर किती करंट खाते हे बघायला बापू हा रेझिस्टर तारेच्या वाटेत बसवतात, त्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजतात आणि दहाने गुणतात. "पाव व्होल्ट. म्हंजे अडीच अँपिअर. मोटर लय भारी हाय."

मी मनमाडजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला इंजिनिअर. माझ्या डिग्रीला आईने देवघरात जागा दिली आहे. पण गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "बापू कुठंय?" आणि माझा जीव जळतो. सातवी शिकलेल्या माणसावर जळावं लागतं, याचा आणखी वेगळा जळफळाट.

त्यात बापूंचा ठरलेला प्रश्न. मोजायच्या आधी सगळ्यांदेखत माझ्याकडे वर बघणार, "साहेब, तुमच्या कॉलेजात हे कसं करायचे?" हा चिमटा मी रोज ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

टेस्टिंगचं टेबल आता दोघांपैकी एकाच्याच ताब्यात द्यायचं मालकांनी ठरवलं. ते मला हवंच होतं. एका सकाळी बापूंना यायला उशीर झाला. पिंपळगावचा एक शेतकरी पंप घेऊन उभा, मालक समोर. मी माझा नवा रेझिस्टर काढला. पूर्ण एक ओहमचा! जितके व्होल्ट तितके अँपिअर, गुणाकाराची भानगडच नाही.

जोडला, आणि फवारा मलूल पडला.

"दोनच अँपिअर. मोटर कमजोर झालीय, बदलावी लागेल," मी म्हणालो.

"अहो सर, तुम्ही हात लावायच्या आधी चांगला उडत होता की!"

तेवढ्यात बापू आले. माझा रेझिस्टर काढून त्यांनी डबीतला लावला. फवारा थेट भिंतीपर्यंत गेला. माझ्या कानाशी वाकून ते म्हणाले, "मोजणाऱ्यानं वाटेत उभं ऱ्हायचं साहेब, वाट अडवायची नाय." मग मालकांना मोठ्याने, "साहेब बघत होते, जोर कमी केल्यावर मोटर बंद पडती का. चांगली हाय."

संध्याकाळी टेबल मला मिळालं. बापूंच्या मेहेरबानीने मिळालं, हे जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. बापू स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.

"साहेब, तुमच्या कॉलेजात हे कसं करायचे?"

"आता कोणाला ऐकवताय बापू? इथे कोणी नाही," मी फटकन बोललो.

ते गोंधळले. खिशातून दुमडलेली शाळेची वही निघाली. कोरी. पेन्सिलीला नवीन टोक काढलेलं.

"म्हणून तर आत्ता विचारतोय. चारचौघांत तुम्ही कधी सांगत नाय."

मी वही ओढून घेतली. पहिल्या पानावर बॅटरीची खूण काढली: एक मोठी रेघ, एक छोटी. बापूंनी गळ्यातला चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.