मोजे उतार!

पाहुणा आला की लोक पाणी विचारतात. आमच्या पापडी गावातले शेजारी इनासकाका म्हणतात, "मोजे उतार!" मग चष्मा नाकावर आणून त्याच्या पायांच्या बोटांमधल्या बेचक्या तपासतात. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी सोडलं नाही. सगळ्यांदेखत निकाल दिला, "चिखल्या हायत. पन लपवल्या नाय. पोरगा चांगला." लग्न झालं. भावोजी अजूनही काका दिसले की मुकाट्याने चपला काढतात.

काका सैन्याच्या आरोग्य पथकात होते. बंदूक कमी, क्लोरिन जास्त. पलटणीचं पाणी तपासायचं, डासांवर फवारायचं, सूर्य मावळला की "बाह्या खाली!" म्हणून ओरडायचं. निवृत्त झाले, पण डासांशी युद्ध चालूच आहे. संध्याकाळच्या मिस्साला ते चर्चच्या दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाह्या उतरवतात. फादरांचा झगा मनगटापर्यंत असतो, म्हणून तेवढे सुटतात.

त्यांचा खरा जीव मात्र पायांत. "गोळी लागली तर जवान सांगतो," ते म्हणतात. "फोड आला की लपवतो. लपवनारा लंगडत नाय, हळू चालतो. तो वळखायचा."

काकी गेल्यापासून काका एकटेच. त्यात साखरेचं दुखणं, पायाची जखम लवकर भरत नाही. मुलगा रॉबर्ट सैन्यात, बर्फातल्या चौकीवर. काकांचा फोन बटणांचा, म्हणून रॉबर्ट व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर करतो.

गेल्या रविवारी तो दिसला, हसला. काका गरजले, "मोजे उतार!"

"पप्पा, तोंड तरी बघा!"

"तोंड खोटं बोलतं. बोटं हलव."

दहाही बोटं हलली. काकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"आता तुमचे दाखवा," रॉबर्ट म्हणाला.

"नेटवर्क नाय," म्हणत काकांनी फोन चक्क बंद केला आणि जायला उठले. लंगडत नव्हते. हळू चालत होते.

"काका," मी म्हटलं, "मोजे उतार."

त्यांनी डोळे वटारले. मग गुपचूप खुर्चीत बसले. डाव्या टाचेचा फोड फुटून मोज्याला चिकटला होता. मी कोमट पाणी आणलं, डॉक्टरांना फोन लावला.

"रॉबर्टला सांगू नको," काका म्हणाले. "पहाऱ्यावर त्याचं मन हलायला नको."

"पण तुम्ही स्वतः कसं बघितलं नाहीत?"

"तुझी काकी बघायची," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "दर रविवारी, मिस्साहून आल्यावर."

मी कोमट पाण्याने मोजा सोडवला. मग त्यांनी आपणहून दुसरा पाय पुढे केला.